युद्धपट आणि वेस्टर्न चित्रपटांतील अविस्मरणीय प्रसंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युद्धपट आणि वेस्टर्न यांतील गाजलेल्या प्रसंगांविषयी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते शक्यतो त्यांच्याच शब्दांत येथे एकत्र केले आहेत. उत्तरे देताना अनेक चित्रपटांचे शेवट सांगावे लागले आहेत. एखादा चित्रपट अजून पाहायचा असेल, तर तेवढे उत्तर तूर्त बाजूला ठेवावे.

१. वेस्टर्न म्हणजे नेमके काय? घोडा, टोपी आणि पिस्तूल असले की चित्रपट वेस्टर्न होतो का?

तेवढ्याने होत नाही. वेस्टर्नला ठरावीक काळ आणि ठरावीक प्रदेश असतो. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ चे यादवी युद्ध आणि त्यानंतरची दोन-तीन दशके हा तो काळ, आणि मिसिसिपी नदीच्या पश्चिमेचा, जेथे वस्ती पोहोचली पण कायदा अजून नीट पोहोचला नव्हता, तो हा प्रदेश. रेल्वे येऊ घातली आहे, तारायंत्राचे खांब उभे राहत आहेत आणि तोवर न्याय ज्याच्या हाती बंदूक त्याच्याकडे आहे, अशा संधिकाळाची ही कथा असते. या प्रकाराचा पहिला गाजलेला नमुना म्हणून १९०३ चा 'द ग्रेट ट्रेन रॉबरी' ओळखला जातो. सुमारे बारा मिनिटांचा हा मूकपट बराचसा पूर्वेकडील न्यू जर्सीत चित्रित झाला होता. त्यातील एक दरोडेखोर थेट प्रेक्षकांकडे रोखून पिस्तूल झाडतो. या दृश्याचा कथेशी काहीही संबंध नाही आणि ते आरंभी दाखवावे की शेवटी, हे चित्रपटगृहाच्या चालकावर सोडले होते. तरीही सव्वाशे वर्षांनंतर त्या चित्रपटातले हेच एक दृश्य लोकांना आठवते.

२. युद्धपट आणि वेस्टर्न हे दोन वेगळे प्रकार असताना त्यांचे प्रसंग एकत्र का पाहायचे?

दोन्हींत माणूस मृत्यूसमोर उभा असतो, पण दोन्हींत त्याला मिळणारा वेळ वेगळा असतो. वेस्टर्नमध्ये मृत्यू समोरून येतो, त्याला चेहरा आणि नाव असते आणि तो येण्याआधी भरपूर अवधी असतो. युद्धपटात तो कोणत्या दिशेने आला हे पुष्कळदा कळतही नाही. माझे ठाम मत असे आहे की मनात राहणारा प्रसंग गोळी सुटण्याच्या क्षणात नसतो. गोळीपूर्वीचा वेळ दिग्दर्शकाने कसा वापरला, तो ताणला की हिरावून घेतला, यावर तो उभा असतो. पुढील बहुतेक उत्तरांमागे हाच विचार आहे आणि त्याची कसोटी लावण्यासाठी हे दोन प्रकार शेजारी ठेवून पाहणे फार उपयोगाचे ठरते.

३. मी यांपैकी एकही चित्रपट पाहिलेला नाही. कोणत्या प्रसंगापासून सुरुवात करावी?

फ्रेड झिनेमन यांच्या १९५२ च्या 'हाय नून'पासून. चित्रपट दीड तासाहूनही लहान आहे आणि त्यातील घड्याळ जवळजवळ आपल्या घड्याळाबरोबर चालते. दुपारी बाराच्या गाडीने येणारा गुन्हेगार गावच्या मार्शलचा, म्हणजे तेथील कायद्याच्या रक्षकाचा, सूड घेणार आहे आणि मार्शल मदतीसाठी दारोदार फिरतो आहे. सर्वांनी पाठ फिरवल्यावर मार्शल झालेले गॅरी कूपर रिकाम्या रस्त्यावर उभे राहतात, घाम पुसतात, आणि कॅमेरा क्रेनवरून वर वर जात राहतो. बंद दारे, बंद खिडक्या, छपरे आणि त्यांच्या मधोमध लहान होत गेलेला एक माणूस आपल्याला दिसतो. अजून एकही गोळी सुटलेली नसते. शेवटी तो माणूस आपला बिल्ला काढून धुळीत टाकतो, त्या कृतीचा सगळा अर्थ या आधीच्या दृश्यात साठलेला आहे.

पटकथाकार कार्ल फोरमन यांना चित्रपट तयार होत असतानाच कम्युनिस्ट संबंधांच्या चौकशीसाठी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे बोलावले गेले, त्यांचे नाव काळ्या यादीत गेले आणि त्यांनी इंग्लंड गाठले. मित्रांनी ऐन वेळी अंग काढून घेण्याची ही कथा त्यांनी स्वतः भोगली होती. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांना मात्र गावाकडे मदत मागत फिरणारा मार्शल मुळीच पटला नाही आणि त्याला उत्तर म्हणून त्यांनी १९५९ मध्ये 'रिओ ब्राव्हो' केला. त्याचा जवळजवळ संवादहीन आरंभही अवश्य पाहावा.

४. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'मधील कब्रस्तानातील तिघांची लढत एवढी गाजण्याचे कारण काय?

द्वंद्वात दोघे असतात आणि दोघांनाही कुणावर नेम धरायचा हे ठाऊक असते. सर्जिओ लिओने यांनी १९६६ मध्ये तिसरा माणूस उभा केला आणि साधा हिशेब कोड्यात पाडला, कारण एकावर गोळी झाडली की दुसऱ्यासमोर आपण उघडे पडतो. गोल दगडी अंगणात तिघे आपापल्या जागा घेतात आणि त्यानंतर कित्येक मिनिटे, कथेच्या भाषेत बोलायचे तर, काहीही घडत नाही. दूरवरून घेतलेले दृश्य, मग कमरेपर्यंतची माणसे, मग चेहरे, मग नुसते डोळे आणि पिस्तुलाजवळची बोटे, असे संकलन क्रमाक्रमाने जवळ येत जाते आणि प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा आखूड होत जातो. एन्यो मोरिकोने यांचे संगीत या प्रसंगाच्या मागे चालत नाही, ते त्याला पुढे ओढून नेते. गोळ्या सुटतात तेव्हा सारे क्षणात आटोपते, आणि एकाचे पिस्तूल आदल्या रात्रीच रिकामे केलेले होते, हे आपल्याला नंतर कळते. म्हणजे तिघांच्या ज्या लढतीसाठी आपण श्वास रोखून बसलो होतो, ती प्रत्यक्षात दोघांचीच होती.

लढतीच्या लगेच आधीचा प्रसंगही तेवढाच थोर आहे. सोने पुरलेली कबर शोधत तिघांपैकी एक असलेले ईलाय वॉलक कबरींच्या रांगांमधून धावत सुटतात, कॅमेरा त्यांच्याभोवती वेग घेतो आणि शेवटी कबरींच्या नुसत्या रेघा उरतात. गायिका एडा देलोर्सो यांचा शब्दाविना आवाज त्या धावण्याला जो हव्यास आणि जो आनंद देतो, तो संवादांतून सांगता आला नसता.

हे कब्रस्तान खरे नव्हते. स्पेनमधील बुर्गोस प्रांतात स्पॅनिश लष्कराच्या सैनिकांनी पाच हजारांहून अधिक खोट्या कबरी रचून ते उभे केले होते. पुढे ते गवताखाली गाडले गेले. २०१५ पासून चित्रपटप्रेमी स्वयंसेवकांनी कुदळी-फावडी घेऊन मधले दगडी अंगण पुन्हा मोकळे केले आणि आज ती जागा पाहता येते.

५. चित्रपटांतील पूल खरोखरच उडवले जात होते का?

या काळातील दोन प्रसिद्ध पुलांबाबत उत्तर 'होय' असे आहे. वरच्याच चित्रपटात यादवी युद्धातील एक पूल उडवला जातो. इशारा समजण्यात गफलत झाल्यामुळे तो कॅमेरे सुरू होण्यापूर्वीच उडाला आणि सैनिकांनी तो पुन्हा बांधून दिल्यावर दुसऱ्यांदा उडवून प्रसंग चित्रित झाला.

डेव्हिड लीन यांच्या १९५७ च्या 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'साठी श्रीलंकेतील कितुलगला येथे केलानी नदीवर खराखुरा लाकडी पूल बांधला होता आणि त्यावरून खरी आगगाडी नेऊन तो उडवण्यात आला. या चित्रपटात दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत असलेल्या ब्रिटिश कर्नलने शत्रूसाठी बांधलेला पूल त्याला इतका प्रिय झालेला असतो की तो उडवायला आलेल्या स्वतःच्याच माणसांना तो अडवू लागतो. ओसरलेल्या पाण्यामुळे उघडी पडलेली तार त्याला दिसते, तेथपासून स्फोटापर्यंतची मिनिटे पाहा. आपण काय करून बसलो, हे त्याला अगदी शेवटी उमगते. खऱ्या इतिहासाविषयी प्रश्न १४ पाहावा.

६. 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'च्या आरंभी दहा मिनिटे काहीच घडत नाही. तो प्रसंग श्रेष्ठ कसा?

तो डोळ्यांइतकाच कानांनी पाहायचा आहे. तीन बंदूकधारी एका ओसाड स्थानकावर गाडीची वाट पाहत आहेत. पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. न वंगवलेली पवनचक्की कुरकुरते, एकाच्या टोपीवर पाण्याचे थेंब ठिबकतात, दुसरा बोटे मोडतो, तिसरा चेहऱ्यावर घोंगावणारी माशी पिस्तुलाच्या नळीत कोंडून तिची गुणगुण ऐकत बसतो. लिओने यांनी १९६८ मध्ये या क्षुल्लक आवाजांतून कंटाळा आणि धोका एकाच वेळी उभा केला. गाडी येते आणि जाते, कुणीच उतरलेले दिसत नाही, आणि मग माउथ ऑर्गनचे सूर ऐकू येतात. पुढे गोळीबार होतो, पण तो दहा मिनिटांच्या तुलनेत निमिषमात्र आहे. मोबाइलच्या लहान पडद्यावर, हलक्या आवाजात हा प्रसंग पाहिला असेल, तर त्यावर मत बनवण्यापूर्वी तो बंद खोलीत, चांगल्या ध्वनीसह पुन्हा पाहावा, अशी माझी विनंती आहे.

७. 'शोले'तील ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येचा प्रसंग वेस्टर्नवरून घेतला आहे, हे खरे आहे का? मग त्याला आपला म्हणावे का?

त्याची प्रेरणा वरच्या प्रश्नातील चित्रपटातच आहे. तेथे शेतावरच्या मेजवानीची तयारी सुरू असताना किड्यांची किरकिर एकदम थांबते, माणसे कोसळतात आणि शेवटी एका लहान मुलासमोर हेन्री फोंडा येऊन उभे राहतात. आयुष्यभर सज्जनांच्या भूमिका केलेल्या त्या निळ्या डोळ्यांच्या नटाला मारेकरी म्हणून पाहणे, हाच त्या काळच्या प्रेक्षकांना बसलेला धक्का होता. मुलावर झाडलेल्या गोळीला जोडून पुढच्या दृश्यातील आगगाडी येते आणि हा सांधा 'शोले'तही आहे.

पण रमेश सिप्पी यांच्या १९७५ च्या या चित्रपटाने घेतलेल्या गोष्टीत स्वतःचे पुष्कळ घातले. रिकामा झोका कुरकुरत राहतो, वाऱ्याने प्रेतांवरची पांढरी वस्त्रे उडतात आणि घरी परतलेल्या माणसाला एकेक चेहरा पाहावा लागतो. ही घरातल्या माणसांची, वाड्याच्या अंगणाची वेदना आहे आणि ती आपल्याकडचीच आहे. तेथला माउथ ऑर्गन सूडाचा होता. 'शोले'त तेच वाद्य जय पायरीवर बसून वाजवतो आणि समोर विधवा सून एकेक दिवा मालवत जाते. छायाचित्रणकार द्वारका दिवेचा यांनी संध्याकाळच्या मोजक्या मिनिटांच्या उजेडासाठी अनेक दिवस थांबून टिपलेले हे दृश्य मला हत्याकांडापेक्षाही मोलाचे वाटते.

गब्बरच्या पहिल्या प्रवेशाकडेही प्रश्न २ मधील विचाराने पाहावे. तीन गोळ्या हवेत, तीन उरलेल्या, चक्र फिरवलेले, तिन्ही माणसे वाचतात, सगळे हसू लागतात, हसणे वाढत जाते, आणि मग गोळ्या सुटतात. भीती त्या हसण्यात आहे.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी सांगायचे तर रामगढ कर्नाटकातील रामनगर येथे उभारले होते, पण आरंभीचा आगगाडीवरील हल्ला पनवेल-उरण मार्गावर, सुमारे सात आठवडे खपून, चित्रित झाला.

८. भर दुपारी रस्त्यात समोरासमोर उभे राहून द्वंद्व खरोखर होत असे का?

क्वचितच. ज्याची नोंद नीट सापडते असे उदाहरण २१ जुलै १८६५ चे, मिसूरी राज्यातील स्प्रिंगफील्डचे आहे. जुगारात हातचे गेलेले खिशातले घड्याळ डेव्हिस टट याने चौकात मिरवू नये, असे वाइल्ड बिल हिकॉकने बजावले होते. टटने ते मिरवले, दोघांनी सुमारे पंचाहत्तर यार्डांवरून गोळ्या झाडल्या, टट मेला आणि हिकॉक निर्दोष सुटला. २६ ऑक्टोबर १८८१ ची ॲरिझोनातील टूमस्टोनची प्रख्यात चकमक ओके कोरल या नावाने ओळखली जात असली, तरी ती शेजारच्या एका मोकळ्या जागेत, अगदी जवळून झाली. सुमारे तीस सेकंदांत तीस गोळ्या आणि तीन मृत्यू, एवढाच तिचा जीव. पडद्यावरचा ताणलेला वेळ ही चित्रपटाची निर्मिती आहे. मला त्यात उणेपणा वाटत नाही.

९. 'स्टेजकोच'मधील पाठलागात हल्लेखोर घोड्यांनाच गोळ्या का घालत नाहीत?

घातल्या असत्या तर पाठलाग तेथेच संपला असता, आणि दिग्दर्शक जॉन फोर्ड यांनीही या आक्षेपाला याच आशयाचे उत्तर दिल्याचे सांगितले जाते. १९३९ च्या या प्रसंगाचे खरे वैभव स्टंटमन याकिमा कनट यांच्या कामात आहे. चौखूर उधळलेल्या घोड्यांमध्ये उडी घेऊन ते जोखडाला लोंबकळतात, खाली पडतात, आणि घोडे व घोडागाडी त्यांच्यावरून निघून जातात. कोणतीही यांत्रिक जादू नसताना हे केलेले आहे. मात्र या प्रसंगातील मूळ रहिवासी हे केवळ चेहराहीन संकट म्हणून येतात, अपाची जमातीचे म्हणून दाखवलेले अनेक जण प्रत्यक्षात नवाहो या दुसऱ्या जमातीचे होते, आणि हा अन्याय प्रसंगाच्या कौतुकासोबतच सांगितला पाहिजे.

१०. 'द सर्चर्स'च्या शेवटच्या दृश्यात जॉन वेन घरात का जात नाहीत?

कारण घर ही गोष्ट आता त्यांच्यासाठी उरलेली नाही. १९५६ चा हा चित्रपट अंधाऱ्या घरातून दार उघडण्याने सुरू होतो आणि तसेच दार लागण्याने संपतो. पळवून नेलेल्या पुतणीचा अनेक वर्षे शोध घेणाऱ्या ईथनच्या (वेन यांनी केलेल्या भूमिकेच्या) मनात इतका द्वेष साचला आहे की सापडल्यावर तो तिला वाचवील की मारील, याची आपल्याला खात्री नसते. तो तिला दोन्ही हातांनी उचलतो, घरी आणतो, सगळे आत जातात, आणि तो उंबऱ्याबाहेरच राहतो. तेथे वेन यांनी डाव्या हाताने उजवे कोपर धरले आहे. ती जुन्या मूकपटांतील नट हॅरी कॅरी यांची लकब होती आणि त्यांच्या पत्नी ऑलिव्ह कॅरी या त्याच चित्रपटात काम करत होत्या. मग माणूस वळतो, वाऱ्यात चालू लागतो आणि दार लागते.

११. 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'मधील समुद्रकिनाऱ्यावरील प्रसंग इतका खरा कसा वाटतो?

६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर उतरणाऱ्या अमेरिकी सैनिकांचा हा सुमारे पंचवीस मिनिटांचा प्रसंग आयर्लंडमधील वेक्सफर्डच्या किनाऱ्यावर चित्रित झाला. छायाचित्रणकार यानुश कामिन्स्की यांनी शटरचा कोन, म्हणजे प्रत्येक चौकटीवर उजेड पडण्याचा अवधी, नेहमीपेक्षा बराच कमी ठेवला. त्यामुळे प्रत्येक चौकट अतिशय रेखीव येते आणि हालचाल किंचित तुटक दिसते. उडालेली वाळू कणाकणाने डोळ्यांत घुसते. रंग फिके केले आहेत आणि कॅमेरा सैनिकांच्या उंचीवरच राहतो, त्यामुळे शत्रू कोठे आहे हे जसे त्यांना कळत नाही तसे आपल्यालाही कळत नाही. या साऱ्या प्रसंगात संगीताचा एक सूरही नाही. मध्येच कॅप्टनला ऐकू येणे बंद होते, आपल्यालाही येत नाही, आणि त्या बधिरतेत एक सैनिक आपला तुटलेला हात शोधून उचलताना दिसतो.

वेस्टर्नमधील वेळ येथे पूर्णपणे हिरावून घेतला आहे. नावेचे दार उघडताच पुढच्या रांगा कोसळतात. पण त्यापूर्वी, नावेत, थरथरणाऱ्या हातातील पाण्याची बाटली दाखवण्याइतका अवधी स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी घेतला आहे. तो हात नसता, तर पुढचे सारे नुसता गोंगाट ठरले असते.

१२. 'अपोकॅलिप्स नाऊ'मधील हेलिकॉप्टर हल्ला पाहताना अंगावर रोमांच येतात आणि नंतर अपराधी वाटते. दिग्दर्शकाला हेच हवे होते का?

प्रसंगाची रचना पाहता मला तसेच वाटते. फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांच्या १९७९ च्या या व्हिएतनाम युद्धावरील चित्रपटात अमेरिकी हेलिकॉप्टर ध्वनिवर्धकांवर जर्मन संगीतकार वाग्नरचे संगीत लावून गावावर चाल करून जातात, आणि ऐन भरात दृश्य बदलून गावातील शाळेचे शांत अंगण येते. संगीत नाही, मुले आहेत. मग तेच सूर दुरून, बारीक ऐकू येऊ लागतात. जे संगीत हेलिकॉप्टरमध्ये बसून ऐकताना उत्सव वाटत होते, ते जमिनीवर उभे राहून ऐकताना काय आहे, हे त्या काही सेकंदांत कळते. फिलिपिन्समध्ये चित्रित झालेल्या या प्रसंगातील हेलिकॉप्टर तेथील लष्कराची होती आणि देशातील बंडखोरांशी लढण्यासाठी ती चित्रीकरणातून मध्येच परत बोलावली जात असत.

१३. ज्यात एकही गोळी सुटत नाही असे युद्धपटांतील प्रसंग कोणते?

हा मला सर्वांत आवडणारा प्रश्न आहे. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या पहिल्या महायुद्धावरील १९५७ च्या 'पाथ्स ऑफ ग्लोरी'त स्वतःच्याच सेनाधिकाऱ्यांनी तीन निरपराध फ्रेंच सैनिकांना भित्रेपणाच्या आरोपाखाली मारल्यानंतर, एका मद्यालयात पकडून आणलेल्या जर्मन मुलीला गायला लावतात. सैनिक आधी शिट्या मारतात, टिंगल करतात. ती रडत रडत एक साधे लोकगीत गाते, हळूहळू गलका विरतो, मग शब्द न कळताही सारे तिच्याबरोबर गुणगुणू लागतात आणि त्यांचे डोळे भरून येतात. बाहेर उभ्या कर्नलला निरोप मिळतो की तुकडीला तत्काळ आघाडीवर परतायचे आहे, आणि तो त्यांना आणखी काही मिनिटे देतो. फ्रान्समध्ये हा चित्रपट १९७५ पर्यंत प्रदर्शित झाला नाही.

१९३० च्या 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट'च्या शेवटी खंदकातून एक हात फुलपाखराकडे सरकतो. येथे गोळी आहे, पण आपल्याला ती झेललेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही, फक्त हात झटका खाऊन निश्चल होतो. तो हात दिग्दर्शक लुईस माइलस्टोन यांचा स्वतःचा आहे.

झाँ रन्वार यांच्या १९३७ च्या 'ला ग्रांद इल्युजिओं'मध्ये युद्धकैदी नाटक करत असताना दुओमाँ हा फ्रेंच किल्ला जर्मनांकडून परत जिंकल्याची बातमी येते. स्त्रीवेशातील कैदी केसांचा टोप काढतो, ताठ उभा राहतो आणि सारे फ्रान्सचे राष्ट्रगीत गाऊ लागतात. पुढे तो किल्ला पुन्हा हातचा जातो, हेही चित्रपट सांगतो.

१४. हे प्रसंग इतिहास म्हणून खरे मानावेत का? त्यांत भारतीय सैनिक का दिसत नाहीत?

प्रसंग मनाला खरा वाटणे आणि तो इतिहासाला धरून असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्वाय नदीवरचा खरा लोखंडी पूल १९४५ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी बाँब टाकून मोडला आणि दुरुस्तीनंतर तो थायलंडमधील कांचनबुरीजवळ आजही उभा आहे. तेथील ब्रिटिश अधिकारी फिलिप टूझी यांनी जपान्यांना चित्रपटातल्यासारखी मनापासून मदत केली नव्हती. जपान्यांनी बांधून घेतलेल्या त्या रेल्वेवर बारा हजारांहून अधिक दोस्त युद्धकैदी मेले, पण त्यांच्या कितीतरी पट आशियाई मजूर मेले, ज्यांत मलायातील तमिळ मजूर मोठ्या संख्येने होते. चित्रपटात त्यांना स्थान नाही.

फ्रान्समधील डंकर्कच्या किनाऱ्यावर १९४० मध्ये भारतीय लष्कराच्या खेचरांच्या तुकड्या होत्या आणि २०१७ च्या 'डंकर्क'मध्ये त्या न दिसल्याबद्दल रास्त टीका झाली. '१९१७' या चित्रपटात ट्रकमधील सैनिकांत एक शीख जवान आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील (आजच्या इराकमधील) कूटच्या वेढ्यात सहावी पूना डिव्हिजन, तिच्यातील मराठा पलटणींसह, एप्रिल १९१६ पर्यंत उपाशीपोटी झुंजली. त्या वेढ्याचा एखादा प्रसंग पडद्यावर पाहायला मिळावा, ही इच्छा मी कित्येक वर्षे बाळगून आहे.

१५. 'कासाब्लांका' युद्धपट आहे का?

रणांगण नसल्यामुळे काटेकोर अर्थाने नाही. पण जर्मन अधिकाऱ्यांचे गाणे दाबून टाकत सारे उपाहारगृह फ्रान्सचे राष्ट्रगीत गाते, तो १९४२ चा प्रसंग या यादीत ठेवावाच लागतो. गाणाऱ्यांपैकी अनेक जण नाझींपासून जीव वाचवून आलेले खरे निर्वासित होते आणि तेव्हा युद्ध संपलेले नव्हते. प्रश्न १३ मधील कैद्यांच्या गाण्याशी तो ताडून पाहावा.

१६. तुम्ही वर्णन केलेला प्रसंग मी पाहिलेल्या प्रतीत नव्हता, किंवा वेगळा होता. असे का?

अनेक चित्रपटांच्या एकाहून अधिक आवृत्त्या आहेत. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'ची मूळ इटालियन आवृत्ती इंग्रजीपेक्षा लांब होती. वगळलेले प्रसंग २००३ मध्ये इंग्रजीत परत घेताना क्लिंट ईस्टवुड आणि ईलाय वॉलक यांनी पुन्हा आवाज दिले, म्हणून तेवढ्या भागात ते वयस्क वाटतात. 'अपोकॅलिप्स नाऊ'च्या २००१ आणि २०१९ मध्ये नव्या आवृत्त्या निघाल्या आणि त्यांत फ्रेंच मळ्यावरील दीर्घ प्रसंग आहे.

सर्वांत अवघड प्रकरण 'शोले'चे आहे. मूळ शेवटात ठाकूर खिळे ठोकलेल्या बुटांनी गब्बरला ठार करतो. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरच्या आक्षेपामुळे शेवट नव्याने चित्रित करावा लागला आणि ऐन क्षणी पोलीस अधिकारी येऊन ठाकूरला थांबवतो. पन्नास वर्षे आपण हाच शेवट पाहिला. मूळ शेवटासह पुनरुज्जीवित केलेली प्रत २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्या येथील महोत्सवात दाखवली गेली. त्यामुळे शेवटाविषयी प्रश्न पाठवताना कोणती प्रत पाहिली, हे कृपया अवश्य लिहावे.